हिवाळी बाग आणि थकलेले गुडघे

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवले जातात आणि त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. कोणाच्या बोटात गुलाबाचा काटा मोडलेला असतो, कोणाची कंबर कुंडी सरकवताना धरलेली असते, कोणाच्या पापण्यांवर आणि मानेच्या वळ्यांत खाजरे पुरळ उठलेले असते. बहुतेक जण साठीच्या पुढचे. कसे झाले असे विचारले की थोडेसे ओशाळून म्हणतात, “जरा बागेत होतो, डॉक्टर.” त्या ओशाळण्याचे कारण सोबत आलेल्या मुलाच्या वा सुनेच्या चेहऱ्यावर वाचता येते. “आता तुम्हीच सांगा यांना, की ती बाग पुरे झाली म्हणून.”

मी एकदा तसे सांगितले होते. नुसते सांगितले नव्हते, औषधांच्या चिठ्ठीवर खाली रेघ ओढून लिहून दिले होते.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. शहराच्या कडेला स्वतःचे छोटे घर, मागे-पुढे अंगण, अर्ध्या गुंठ्याची हिरवळ आणि पाच-पंचवीस कुंड्या असा ज्यांचा संसार होता, असे एक निवृत्त शिक्षक. आम्ही सारे त्यांना सर म्हणतो. वय तेव्हा ७४. डिसेंबरातल्या एका पहाटे सहाच्या सुमारास, अजून नीट उजाडलेही नसताना, ते झारी घेऊन बाहेर पडले, दवाने ओल्या झालेल्या फरशीवरून पाय घसरला आणि हात टेकताना मनगट मोडले. प्लास्टर झाल्यावर मुलाने मला आग्रहाने विनंती केली आणि मी “बागकाम पूर्ण बंद” असे लिहिले. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

प्लास्टर निघाले, हाड जुळले. परंतु फेब्रुवारीत सर पुन्हा आले ते व्हीलचेअरवरून. या वेळी ते घरातच, पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या आठ पावलांत पडले होते. सुदैवाने हाड मोडले नव्हते. मी त्यांना तपासले तेव्हा मांड्यांचे स्नायू सैल आणि बारीक झालेले दिसले, वजन चार किलोंनी उतरले होते, झोप उडाली होती. हाताच्या आधाराविना त्यांना खुर्चीतून उठता येत नव्हते. काकू म्हणाल्या, “बागेत पडले तेव्हा निदान स्वतःच्या पायांनी चालत घरात आले होते हो. हे पडणे बसून बसून आलेले आहे.” वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात याहून अचूक निदान मला मिळाले नसते. त्या दिवशी मी माझीच जुनी सूचना रद्द केली. बाग बंद करण्याऐवजी बागेतला माणूस सांभाळायचा कसा, याचा विचार मी तेव्हापासून करू लागलो. पुढे जे लिहितो आहे ते त्यातूनच आलेले आहे.

प्रथम वेळेविषयी. आपल्यापैकी बहुतेकांची आयुष्यभराची सवय पहाटे उठण्याची आणि उठल्या उठल्या झाडांना पाणी घालण्याची, पूजेची फुले काढण्याची. उन्हाळ्यात ती सवय उत्तमच. हिवाळ्यात मात्र तिला थोडी मुरड घालावी. जागे झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रक्तदाब स्वाभाविकपणेच चढत असतो. त्यात थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला अधिक दाबाविरुद्ध काम करावे लागते. अशा वेळी अंगात पुरेशी ऊब नसताना एकदम कुदळ मारणे, पाण्याने भरलेल्या बादल्या उचलणे म्हणजे हृदयावर दुहेरी भार टाकणे होय. पुण्या-नाशकाकडे जानेवारीत सूर्योदयच मुळी सातच्या पुढे होतो. तेव्हा चहा-न्याहारी करून, सकाळची औषधे घेऊन, अंगणात ऊन उतरल्यावर म्हणजे साडेआठ-नऊच्या सुमारास बाहेर पडावे. कानटोपी आणि स्वेटर हवाच. उन्हाने अंग तापले की तो काढता येतो. काम करताना छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अवेळी घाम असे काही जाणवले तर “एवढी एक कुंडी संपवतो” असे म्हणू नये. मधुमेहींना तर अनेकदा छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो. तोही तितकाच गंभीर मानावा.

या उशिरा जाण्यात झाडांचाही तोटा नाही, उलट लाभच आहे. हिवाळ्यात माती सावकाश सुकते आणि पानांवर रात्रभर दव असते. त्यात संध्याकाळी पाणी दिले की पाने रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते. गुलाबाच्या कोवळ्या पानांवर पांढरी पिठी पसरावी तशी भुरी येते, ती याच दिवसांत. ऊन वर आल्यावर, पानांवर न उडवता, झाडाच्या आळ्यात पाणी द्यावे. किती द्यावे, हे बोटाला विचारावे: मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाण्याला सुट्टी. हिवाळ्यात कुंडीतली रोपे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक, प्रेमाने रोज घातलेल्या पाण्याने मूळकूज होऊन मरतात.

हिरवळीचे दुखणे

“डॉक्टर, लॉन पिवळे पडले, काहीतरी खत सांगा,” असे मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. मी शेतीतज्ज्ञ नव्हे, परंतु तीस वर्षे माझेही अंगण आहे. आपल्याकडच्या अंगणांत बहुधा हरळीच्या जातीची किंवा रोपवाटिकेत ‘कोरियन’ म्हणून मिळणारी बारीक पात्याची हिरवळ असते. ही दोन्ही उष्ण हवामानातील गवते. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरू लागला की त्यांची वाढ मंदावते आणि पाती पिवळसर, कधी तपकिरी होतात. हिरवळ मेलेली नसते, झोपलेली असते. या झोपेत तिला युरिया देऊन उपयोग नसतो. मुळे तो घेत नाहीत आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. खताचा हात महाशिवरात्रीपर्यंत आखडता ठेवावा आणि थंडी ओसरल्यावर चाळलेले शेणखत व पोयट्याची माती यांचा पातळ थर द्यावा. तोवर कापणीही कमी आणि उंच ठेवावी. एरवी इंच-सव्वा इंचावर कापत असाल तर आता दोन इंचांपर्यंत वाढू द्यावी आणि एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुरते. झाडाखालचा पालापाचोळा मात्र साचू देऊ नये, त्याखाली गवत कुजते. आणि त्याखाली आणखीही काही असू शकते, त्याकडे मी येतोच.

वैद्य म्हणून मला हिरवळीच्या रंगाहून तिच्या सपाटीची अधिक काळजी वाटते. कोरियन गवताला काही वर्षांनी उशीसारखे उंचवटे येतात. दिसायला ते मोहक, पण सत्तरीतल्या पावलाला अडखळवायला पुरेसे. तसेच गवतात वेटोळे घालून पडलेली रबरी नळी, जमिनीबाहेर आलेले मूळ, शेवाळलेली फरशी. घरातल्या तरुण माणसाने एका रविवारी तासभर खर्च करून हे सारे एकदा पाहावे. शेवाळ खराट्याने घासून काढावे, नळी भिंतीवरच्या खुंटीला टांगावी, रोज ये-जा करायची वाट कोरडी आणि मोकळी ठेवावी, पायरीला एका बाजूने तरी धरायला कठडा लावावा. विजेवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र दवाने ओल्या हिरवळीवर चालवू नये. वायर पात्याखाली येऊन धक्का बसण्याचा धोका खरा असतो. हे काम ज्येष्ठांनी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या दवात अनवाणी चालण्याविषयी. दवबिंदूंवर चालल्याने दृष्टी सुधारते, चष्म्याचा नंबर उतरतो, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. मोतीबिंदू असो, काचबिंदू असो वा मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा पडदा असो, यांपैकी काहीही गवतावर चालून बरे होत नाही. आणि या भरवशावर डोळ्यांच्या तपासणीला उशीर झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी आनंदासाठी जरूर चालावे. परंतु मधुमेह असल्यास अनवाणी पाऊल टाकण्यापूर्वी एक साधी परीक्षा करून घ्या. रुग्णाने डोळे मिटून पडून राहावे. घरातल्या कोणीतरी त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, एकदाच करावा. प्रत्येक वेळी स्पर्श जाणवला की रुग्णाने सांगायचे. सहापैकी दोन वा अधिक ठिकाणी जाणवला नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. अशा पायात काटा रुतलेला, खडा टोचलेला कळत नाही. चार दिवसांनी मोजा रक्ताने भरलेला दिसतो, तोवर जखम खोल गेलेली असते. अशांनी बागेत पुढून बंद असलेले, मऊ अस्तराचे बूट घालावेत, घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत आणि काम संपल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून, तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. टाचांच्या भेगांतून मातीतले जंतू आत शिरतात, म्हणून रात्री झोपताना टाचांना व्हॅसलीन वा खोबरेल लावणे हेही हिवाळी बागकामाचाच एक भाग समजावे.

काटा, चीक आणि विष

धनुर्वाताचा संबंध लोक गंजलेल्या खिळ्याशी जोडतात. प्रत्यक्षात त्याचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. गंजाशी त्यांचे काही देणेघेणे नाही. गुलाबाचा काटाही पुरतो. माझ्या पाहण्यात एक गोष्ट वारंवार येते. ज्येष्ठ स्त्रियांना निदान बाळंतपणाच्या वेळी धनुर्वाताची लस मिळालेली असते, तीही चाळीस वर्षांपूर्वी. ज्येष्ठ पुरुषांना मात्र शेवटची लस कधी घेतली हे आठवत नाही आणि काहींनी ती पद्धतशीर कधी घेतलेलीच नसते. एका इंजेक्शनाने जन्माचे काम भागत नाही. पूर्वी कधीच लस घेतली नसेल तर ठरावीक अंतराने तीन मात्रा आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी एक, असा हा हिशोब आहे. हल्ली ती घटसर्पाच्या लशीसह एकत्र मिळते. खुरपे हाती घेण्यापूर्वी एकदा जुनी कागदपत्रे चाळून पाहावीत. बोटाच्या सांध्यापाशी काटा रुतला आणि सूज आठवडाभरात उतरली नाही, तर आत काट्याचा तुकडा राहिला असण्याची शक्यता असते. घरी सुईने कोरत बसू नये. ॲस्पिरीन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांना ओरखड्यानेही बराच वेळ रक्त वाहते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. असा रुग्ण पडून डोक्याला मार लागला तर, तो “मला काही झाले नाही” असे म्हणत असला तरी, त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे.

पापण्यांवरच्या पुरळाचा उल्लेख मी आरंभी केला. त्यामागे बहुधा गाजरगवत असते. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. त्याचे सूक्ष्म कण हवेतून येऊन उघड्या त्वचेवर बसतात, त्यामुळे पापण्या, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्या येथे इसब उमटते. वर्षानुवर्षे गाजरगवत उपटणाऱ्या पुरुषांत ते विशेष दिसते. वाचकांना ठाऊक नसण्याचा संभव आहे अशी एक गोष्ट येथे सांगतो. शेवंती, झेंडू आणि ॲस्टर ही आपली लाडकी हिवाळी फुले याच गवताच्या कुळातली. एकदा शरीर त्या कुळावर बिथरले की शेवंतीच्या पाना-फुलांनीही अंगाची आग होऊ शकते. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेसाठी शेवंतीच्या वेण्या करणाऱ्या एका आजींचे हात दरवर्षी नेमके त्याच महिन्यात का फुटतात, हे कोडे मला तिसऱ्या वर्षी उलगडले. तोवर मी त्यांना भांड्यांचा साबण बदलायला सांगत होतो.

चिकाविषयी तर मी थोडे कठोरपणेच लिहिणार आहे. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालायची म्हणून अनेक ज्येष्ठ परसातल्या किंवा रस्त्याकडेच्या रुईची पाने खुडतात. तो पांढरा चीक बोटांना लागतो आणि नकळत तोच हात डोळ्यांकडे जातो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर असह्य आग होते, म्हणून माणूस धावत तरी येतो. रुईच्या चिकाने मात्र पुष्कळदा दुखतच नाही. काही तासांनी फक्त धूसर दिसू लागते, कारण बुबुळाच्या आतल्या थराला इजा झालेली असते. आणि मोतीबिंदू वाढला असेल असे समजून माणूस स्वस्थ बसतो. कोणताही चीक डोळ्यात गेला तर तत्क्षणी वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दूध, मध, तूप, गुलाबपाणी काहीही घालू नये.

किडींचे म्हणाल तर हिवाळ्यात शेवंती-गुलाबाच्या शेंड्यांवर मावा आणि जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण ठरलेलाच. त्यासाठी जहाल औषधाची गरज घरच्या बागेत सहसा पडत नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढावा, एक लिटर पाण्यात चमचाभर पातळ साबण मिसळून दोन-तीन वेळा फवारावे, निंबोळी अर्क वापरावा, फारच माजलेली फांदी कापून टाकावी. शेतावरून कोणीतरी आणून दिलेले कीटकनाशक शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत मी आजही पाहतो. कमी दिसणाऱ्या, रात्री तहान लागून उठणाऱ्या वृद्धाच्या घरात याहून भयंकर वस्तू दुसरी नाही. फवारणीनंतर लाळ, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आणि बाहुल्या आकसलेल्या दिसल्या तर कपडे काढून अंग धुवावे आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

आणि आता पालापाचोळ्याखालचे ते आणखी काही. हिवाळ्यात घोणस दिवसाही ऊन खात पडलेली असते आणि वाळल्या पानांच्या रंगात ती बेमालूम मिसळून जाते. ढिगात उघडा हात घालू नये. आधी लांब दांडीच्या दाताळ्याने ढीग हलवावा, रचलेल्या विटा-फरश्या घराजवळ साठवू नयेत. दंश झालाच तर दोरी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष जेथे असेल तेथे न्यावे. गोळा केलेला पाला जाळू नये. त्या धुराने दमेकऱ्याची रात्र जाते, शेजाऱ्याच्या आजोबांचीही जाते. एका कोपऱ्यात चार विटांच्या चौकटीत तो शेणाच्या पाण्याने भिजवत ठेवला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याचे उत्तम खत होते. थोडा पाला कुंड्यांतल्या मातीवर पसरला तर ओल टिकते आणि झारी उचलण्याच्या खेपाही कमी होतात.

झारीवरून आठवले. दहा लिटरची भरलेली झारी म्हणजे दहा किलो वजन. ती एका हातात घेऊन चालणे हे झिजलेल्या मणक्यांना अजिबात मानवत नाही. तीन लिटरच्या दोन लहान झाऱ्या दोन हातांत घ्याव्यात. उकिडवे बसून खुरपण्याचा हट्ट सोडावा. गुडघ्याच्या संधिवातात ते सर्वांत वाईट आसन. बुटके स्टूल घ्यावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे कुंड्याच वर आणाव्यात. जुन्या टेबलावर वा लोखंडी घडवंचीवर कंबरेच्या उंचीला ठेवलेल्या कुंडीत उभ्यानेच काम होते. खुरप्याच्या मुठीला सायकलच्या हँडलचे रबर चढवले की बोटांच्या सुजलेल्या सांध्यांवर ताण कमी येतो. फुले काढण्यासाठी स्टुलावर वा कठड्यावर चढू नये, आकडीने फांदी खाली ओढावी. देवाला चार फुले कमी गेली तर तो समजून घेईल, अशी माझी खात्री आहे.

रक्तदाबाच्या, विशेषतः पुरुषांत प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे, बसल्या जागेवरून झटकन उठताना रक्तदाब खाली येतो आणि भोवळ येते. वाकून काम झाल्यावर आधी सरळ बसावे, पोटऱ्या चार-सहा वेळा आवळाव्यात, दहा आकडे मोजावेत आणि मग धरून उठावे. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी, कारण तासभर खणणे हाही व्यायामच असतो आणि साखर अचानक उतरू शकते. खिशात मोबाइल किंवा गळ्यात शिट्टी असावी. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे राहून जाते. झाडांना पाणी द्यायला निघण्यापूर्वी आपण एक पेला कोमट पाणी प्यावे, हा नियम लक्षात राहायला सोपा आहे.

काय लावावे, असे विचाराल तर माझा कल लवकर हाती येणाऱ्या गोष्टींकडे आहे. मेथी महिनाभरात खुडायला येते, कोथिंबीर साधारण चाळीस दिवसांत, मुळाही तेवढ्याच काळात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आंब्याचे कलम लावायला सांगणे हा आशावाद झाला. मेथीचा वाफा मात्र पुढच्या महिन्याची भेट ठरवून जातो. धणे पेरण्यापूर्वी चपलेने हलके रगडून दोन डाळिंब्या कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत, म्हणजे उगवण चांगली होते.

घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील तर त्यांच्या हाती वाल, मटार असे ठसठशीत बी द्यावे, ते बोटांना सापडते. काम एकच असावे आणि तेच रोज असावे: हीच कुंडी, हीच झारी. दुपारी पेरलेले ते संध्याकाळी विसरतील. चार दिवसांनी कोंब दिसल्यावरचा आनंद तरीही खराच असतो. अशा घरात कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि धोतरा हे आवाक्यात ठेवू नयेत. बिट्टीच्या बिया थेट हृदयाची लय बिघडवतात. फाटकाला कडी लावावी, पण कुलूप लावून माणसाला आत कोंडू नये; सोबत कोणीतरी बसावे. सोबत बसणाऱ्याचीही तेवढी अर्धा तास उन्हात विश्रांती होते, आणि शुश्रूषा करणाऱ्यांना ती किती दुर्मीळ असते हे मी जाणतो. जीवनसत्त्व ड मिळावे असा हेतू असेल तर मात्र सकाळचे कोवळे ऊन फारसे कामाचे नाही. आपली सावली जेव्हा आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हाच त्या किरणांचा लाभ होतो, आणि डिसेंबरअखेर आपल्याकडे ती वेळ भर दुपारी अगदी थोडी असते. त्या वेळी हात-पाय उघडे टाकून थोडा वेळ बसावे; कमतरता मोठी असेल तर गोळ्या घ्याव्यातच.

सरांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. फिजिओथेरपीच्या जोडीला आम्ही त्यांना घडवंचीवरच्या तीन कुंड्या दिल्या, साडेआठची वेळ दिली आणि मुलाने फरशी खरबरीत करून कठडा बसवला. हिरवळ कापायला आठवड्याने एक माळी येतो. त्याच्या कामावर सर कधीच समाधानी नसतात. आज ते ८१ वर्षांचे आहेत आणि खुर्चीतून हात न टेकता उठतात. मधल्या काळात ते एकदा पडले, खोटे कशाला सांगू. गुडघा खरचटला, धनुर्वाताची लस झालेली होती, तेवढ्यावर निभावले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते एक तक्रार घेऊन आले. फाटकाजवळची शेवंती पानांनी भरली होती, पण कळी धरत नव्हती. नेमक्या तिच्या डोक्यावर नवा पथदिवा लागला होता. शेवंतीला फुलण्यासाठी लांब, सलग काळोखी रात्र लागते. रात्रभर उजेड पडला तर तिला हिवाळा आल्याचे कळतच नाही. मी कुंडी परसदारी, अंधाऱ्या बाजूला हलवायला सांगितली आणि अर्थातच, ती मुलाने हलवावी, असे बजावले. संक्रांतीनंतर काकू तिळगुळाबरोबर पिवळ्या फुलांची परडी घेऊन दवाखान्यात आल्या. कुंडी कोणी हलवली, असे मी विचारले. काकू म्हणाल्या, “आधी फुले पाण्यात ठेवा, डॉक्टर.”